लॉकच्या भिंती आणि 'नॉनलिनियर' या शब्दाचा घोळ

पनामा कालव्याचे लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाजं चढवणारी-उतरवणारी दारबंद कुंडं, १९१४ साली सुरू झाले तेव्हा भिंतीचा हिशेब सरळ होता. तळाशी ४५ ते ५० फूट जाडी, सळई जवळजवळ नाहीच, सगळी मदार वजनावर. सिमेंटच्या उष्णतेशी सामना पुढे धरणांवर झाला. अमेरिकेतल्या हूव्हर धरणावर ५ फुटांच्या लिफ्ट (एका वेळी ओतलेले काँक्रीटचे थर) आणि थंड पाण्याच्या नळ्या वापरल्या.

लॉकच्या बाबतीत खरी कलाटणी १९६९ सालची. लुइझियानातल्या पोर्ट ॲलन आणि ओल्ड रिव्हर या दोन लॉकचं फायनाइट एलिमेंट विश्लेषण (रचनेचे छोटे तुकडे पाडून संगणकावर केलेला हिशेब) तेव्हा खोदकाम, काँक्रीट, भराव आणि पाणी याच क्रमाने केलं गेलं. मात्र त्यात भर मातीवर होता. काँक्रीटचं वय हिशेबात यायला आणखी वीसेक वर्षं लागली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मिसिसिपीवर ऑल्टनजवळ मेल्विन प्राइस प्रकल्पाच्या दुसऱ्या लॉकमधल्या दोन मोनोलिथचा (सांध्यांनी वेगळ्या केलेल्या अखंड भागांचा) अभ्यास लिफ्टमागून लिफ्ट असा झाला. १९९० आणि १९९४ साली त्यावर मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि 'नॉनलिनियर इन्क्रिमेंटल', म्हणजे काँक्रीटचे बदलते गुणधर्म धरून टप्प्याटप्प्याने केलेलं विश्लेषण, हे नाव रूढ झालं.

या नावाने बराच गोंधळ केला. 'नॉनलिनियर' म्हटलं की अनेकांना फक्त तडे आठवतात. पण तडा पडण्याआधीच क्रमाला महत्त्व येतं. कोवळं काँक्रीट तापून फुगतं तेव्हा ते मऊ असतं, म्हणून पायाने अडवलं तरी दाब थोडाच येतो, आणि क्रीप (भाराखाली काँक्रीटचं हळूहळू सरकत राहणं) त्यातलाही बराच खाऊन टाकतो. थंड होऊन आकसतं तेव्हा ते कडक झालेलं असतं. त्यामुळे तेवढ्याच तापमानाच्या उतरणीत ताण कितीतरी जास्त येतो, आणि ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या भागाएवढीच. पूर्ण भिंत एकदम उभी आहे असं धरून केलेल्या हिशेबाला हे दिसतच नाही.

असं क्रमवार विश्लेषण प्रत्येक कामासाठी करायचं का, या वादाचा निर्णय १९९७ चा. विश्लेषण महागडं आणि वेळखाऊ म्हणून अभ्यासाच्या तीन पायऱ्या ठरल्या: आधी हातचा तापमान-हिशेब, मग तापमानाचं मॉडेल आणि सोपी तड्यांची तपासणी, आणि क्रमवार विश्लेषण शेवटच्या पायरीवर. छोट्या कामांसाठी ते रास्तच होतं. पण दाट सळईच्या, यू किंवा डब्ल्यू आकाराच्या लॉकला पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबवणं मला पटत नाही. तिथे फरशी आणि भिंत एकमेकींना अडवतात, आणि नेमका तो कोपराच सोप्या हिशेबातून निसटतो.

ओहायो नदीवरच्या ओल्मस्टेड लॉकचा डब्ल्यू आकार असाच आहे: ११० फूट रुंद, १,२०० फूट लांब अशा दोन चेंबर्स शेजारी शेजारी, पाइल्सवर (जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर). तिथे पूर्ण विश्लेषण झालं. लॉकचं बांधकाम २००२ मध्ये पुरं झालं, शेजारचं धरण मात्र २०१८ मध्ये. असा हिशेब लिफ्टची उंची, ओतण्याचा हंगाम आणि मिश्रण यांना बांधलेला असतो. हिवाळ्यात ओतायची लिफ्ट उन्हाळ्यात गेली, की तो नव्याने मांडावा लागतो.