किनाऱ्यावरचं 'दगडी फूल' नेमकं काय असतं?

सोलापूरकरांच्या ग्रुपवर कोकण सहलींच्या मोसमात एक मेसेज परत परत येतो: किनाऱ्यावर सापडणारा, पाच पाकळ्यांचा, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा पांढरा दगड म्हणजे समुद्रात दगड झालेलं फूल.

पाकळ्या इतक्या नेटक्या असतात, की तसं वाटणं साहजिक आहे. पण ते एका प्राण्याचं कवच आहे. तारामीनचा हा नातेवाईक, बदामाच्या आकाराचा सी अर्चिन (काटेरी कवचाचा समुद्री प्राणी), वाळूत स्वतःला पुरून घेऊन राहतो. जिवंतपणी अंगभर केसांसारखे बारीक काटे असतात. त्यांनीच तो वाळू उकरतो. वाळूत मिसळलेले सेंद्रिय कण हे त्याचं अन्न. मेल्यावर काटे गळतात आणि कवच लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं.

मग पाकळ्या कसल्या? भिंगातून पाहा, कडेने छिद्रांच्या जोड्या दिसतील. त्यांतून मऊ नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, बाहेर येतात आणि पाण्यातला ऑक्सिजन घेतात. पाकळी ही त्याची श्वसनाची जागा. सगळ्यात विलक्षण म्हणजे, काही जाती वरच्या पाण्याशी संबंध राहावा म्हणून वाळूतून वरपर्यंत बारीक नळी करतात आणि ती ढासळू नये म्हणून आतून चिकट स्राव लावतात.

आता कवच उलटं करा. खाली तोंडाचं आणि मागच्या बाजूला गुदद्वाराचं अशी दोन मोठी छिद्रं सापडतील. हातात घेतलं तर हलकं लागेल, कारण आत पोकळ आहे. तुटक्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बुडबुडे येतात, कारण ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्ट दगडाच्या ताज्या तुकड्यावर सहसा तसं होत नाही.