अमेरिकेत फार्म.डी.: अर्ज, कागदपत्रं आणि कॉलेजांच्या खर्च-पगाराची खरी तुलना

अमेरिकेत फार्मासिस्ट म्हणून काम करायला लायसन्स लागतं आणि तिथे शिकून ते मिळवायचं तर फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) ही पदवी हवी. आपल्याकडच्या बी.फार्म.वाल्यांना एक गोष्ट फार उशिरा कळते, म्हणून तीच आधी सांगतो. परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणारी जी एफपीजीईसी प्रक्रिया आहे, ती १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांकडून किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम मागते. चार वर्षांचं बी.फार्म. तिथेच अडतं. पुढे तिथे एम.एस. केलं तरी लायसन्सचा प्रश्न सुटत नाही, कारण ती संशोधनाच्या आणि कंपनीतल्या कामाच्या वाटेवरची पदवी आहे. भारतातली सहा वर्षांची फार्म.डी. हातात असेल, तर मात्र आधी एफपीजीईसीचा रस्ता तपासा. नव्याने चार वर्षांची फी भरायची गरज कदाचित पडणारही नाही.

फार्म.डी.च्या प्रवेशासाठी साधारणपणे कॉलेजची किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात. त्यात रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्र असे विषय हवेत. बी.फार्म.मधले कोणते विषय धरायचे हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं, त्यामुळे अर्ज करण्याआधी ईमेलवर लेखी विचारून घ्या. पीकॅट ही प्रवेशपरीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंद झाली आहे. तिच्या क्लासची जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

अर्ज बहुतेक कॉलेजांसाठी फार्मकॅस या एकाच सामायिक पोर्टलवरून होतो. वर्ग सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी तो खुला होतो, शेवटची तारीख मात्र कॉलेजागणिक वेगळी असते. निबंध, शिफारसपत्रं, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, पासपोर्ट आणि सगळ्या वर्षांचे ट्रान्सक्रिप्ट लागतात. भारतातल्या ट्रान्सक्रिप्टचं डब्ल्यूईएससारख्या, परदेशी शिक्षण तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं. सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. विद्यापीठाकडून सीलबंद पाकीट मिळवायला आठवडेच्या आठवडे जातात आणि मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधलं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असल्या फरकांवर फाइल थांबते. निबंधाला हात लावण्याआधी हे काम सुरू करा.

आता कॉलेज कसं निवडायचं. पहिली चाळणी मान्यतेची: एसीपीई या संस्थेची मान्यता नसलेल्या फार्म.डी.चा विचारच करू नका. मग येतो पैशाचा हिशोब आणि तिथे नुसती वार्षिक फी पाहिली तर फसगत होते. समजा, एका कॉलेजची फी वर्षाला २५,००० डॉलर आहे आणि अभ्यासक्रम चार वर्षांचा. दुसऱ्याची फी ४८,००० डॉलर, पण अभ्यासक्रम तीन वर्षांचा. राहण्या-जेवण्याचे वर्षाला २०,००० धरले, तर पहिल्याचा एकूण खर्च १,८०,००० आणि दुसऱ्याचा २,०४,०००. दुप्पट वाटणाऱ्या फीमधला फरक २४,००० वर आला. शिवाय दुसऱ्या कॉलेजचा विद्यार्थी वर्षभर आधी कमावायला लागतो आणि अमेरिकेच्या कामगार आकडेवारी विभागानुसार मे २०२४ मध्ये फार्मासिस्टचा मध्यम वार्षिक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) १,३७,४८० डॉलर होता. मात्र तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात उन्हाळी सुट्टी जवळजवळ नसतेच. ज्याला हा वेग झेपणार नाही, त्याचं एक वर्ष वाया गेलं की हिशोब उलटा फिरतो.

पदवीनंतरची कमाई पाहायला तिथल्या शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड आहे. कॉलेजच्या पानावर अभ्यासक्रमांच्या यादीत फार्मसी शोधा, मध्यम कमाई आणि मध्यम कर्ज दोन्ही दिसतील. हे आकडे जपून वाचा. त्यांत फक्त सरकारी मदत घेतलेले विद्यार्थी मोजलेले असतात, म्हणजे तुमच्यासारखे परदेशी विद्यार्थी त्यात नाहीतच. पदवीनंतर कितव्या वर्षाची कमाई आहे हेही बघा. हॉस्पिटलमधल्या क्लिनिकल कामासाठी मुलं एक-दोन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं मानधनावरचं प्रशिक्षण, करतात आणि तिथलं मानधन फार्मासिस्टच्या पगाराच्या निम्म्याहून कमी असतं. त्यामुळे ज्या कॉलेजची जास्त मुलं रेसिडेन्सीला जातात, त्या चांगल्या कॉलेजचा सुरुवातीचा आकडा खाली दिसतो. मला वाटतं, हा आकडा पाहून सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. पडताळणीसाठी एएसएचपी या फार्मासिस्टांच्या संघटनेचे रेसिडेन्सी मॅचचे (कोणाला रेसिडेन्सीची जागा मिळाली, याचे) कॉलेजनिहाय निकाल पाहा.

माझ्या मते पगारापेक्षा दोन आकडे जास्त बोलके आहेत: किती टक्के मुलं वेळेत पदवी घेतात आणि नॅप्लेक्स ही लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात किती जण पास होतात. कॉलेजांना हे दोन्ही वेबसाइटवर टाकावे लागतात. नॅप्लेक्स अडकली की पगार सुरू होत नाही, कर्जाचं व्याज मात्र चालूच राहतं.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फाफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज भरून सरकारी कर्ज मिळतं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर आणि व्यावसायिक शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद आहे. अशा व्यावसायिक पदवीसाठी मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना हे कर्ज मिळत नाही. त्यांनी पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची रक्कम बँकेच्या कागदांतून दाखवली की कॉलेज आय-२० हे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पत्र देतं. मग सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म आणि व्हिसाची मुलाखत. फार्म.डी. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) अभ्यासक्रमांच्या सरकारी यादीत बसत नसल्यामुळे पदवीनंतर कामाची मुभा १२ महिन्यांचीच मिळते. नॅप्लेक्स, राज्याच्या कायद्याची परीक्षा आणि व्हिसा देणारी नोकरी, सगळं त्याच मुदतीत बसवावं लागतं. म्हणून प्रवेशाच्या मुलाखतीतच कॉलेजला विचारा, की मागच्या तीन वर्षांत तुमच्या किती परदेशी विद्यार्थ्यांना नोकरीसोबत व्हिसा मिळाला.