मानेतील गाठींचे निदान (तोंड व घशाच्या कर्करोगात)

तोंड, जीभ, घसा व स्वरयंत्र यांचा कर्करोग पसरू लागला की बहुधा सर्वांत आधी मानेतील लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड) उतरतो. ग्रंथी सुजते आणि जबड्याखाली किंवा मानेच्या बाजूला गाठ हाताला लागते. गाठ टणक, न दुखणारी आणि तीन आठवडे उलटूनही न जिरणारी असेल तर संशय घ्यावा. ठाणे-नवी मुंबईत तंबाखूचा बार भरणारी आणि मशेरी लावणारी माणसे थोडी नाहीत. गालफड व हिरडीचा कर्करोग प्रथम जबड्याखालच्या ग्रंथींत जातो, म्हणून अशी गाठ दिसली की तोंड आधी नीट उघडून पाहावे.

प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असे नाही. तोंडातील जखमेच्या संसर्गानेही ग्रंथी सुजतात. आपल्याकडे क्षयाची गाठ तर हमखास गोंधळात टाकते, कारण पेट स्कॅनमध्ये (जास्त क्रियाशील पेशींचा भाग उजळ दाखवणारी तपासणी) तीही उजळते. सोनोग्राफीत लांबट ग्रंथी गोल झालेली, मधली चरबीची रेघ पुसली गेलेली किंवा आतला भाग सडलेला दिसला तर संशय बळावतो. सीटी स्कॅनमध्ये साधारण १ सेंटीमीटरपेक्षा जाड ग्रंथी संशयित धरतात.

खात्री मात्र सुईच्या तपासणीनेच, म्हणजे एफएनएसीनेच होते. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती घरोघरी ऐकू येते. बारीक सुईच्या बाबतीत ती निराधार आहे, आणि तिच्यापायी रुग्णाचे मोलाचे आठवडे जातात. खरे नुकसान होते ते मूळ रोग न शोधता गाठ कापून काढण्याच्या घाईने, कारण त्यामुळे पुढची मानेची शस्त्रक्रिया अवघड होते. नमुन्यात क्षयाची लक्षणे दिसल्यास तो सीबीनॅटला (क्षयाचे जंतू ओळखणारी जनुकीय तपासणी) पाठवतात.

हाताला काही न लागणाऱ्या मानेतही सूक्ष्म प्रसार लपलेला असू शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या रुग्णांवरील अभ्यासात, तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या ग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. याच संस्थेचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे.

रेडिएशन व केमोथेरपीनंतर उरलेल्या गाठीसाठी पेट स्कॅन सुमारे १२ आठवड्यांनी करतात. त्याआधी उपचारामुळे आलेली सूजही रोगासारखी उजळते.