१३० चोऱ्यांपेक्षा ९० भारी

बेसबॉलमध्ये बेस चोरणं (बॅटरने बॉल मारायची वाट न बघता, बॉल टाकला जातो तेवढ्यात पुढच्या बेसवर पळणं) म्हटलं की रिकी हेंडरसन, विषय संपला. १९८२ च्या एका सीझनमध्ये १३० चोऱ्या, करिअरमध्ये १,४०६, ह्याच्या जवळपास पण कोणी नाही. पण मी फॅन टिम रेन्सचा, माँट्रियल एक्सपोज टीमवाला, २००२ ला रिटायर झाला, टोटल ८०८. आता फॅन म्हटल्यावर आपल्या माणसाची बाजू घेणं आलंच, तर मी त्याचा दुसरा कॉलम उघडला, किती वेळा पकडला गेला तो. फक्त १४६ वेळा! म्हणजे जवळजवळ ८५ टक्के सक्सेस. हेंडरसन ३३५ वेळा सापडला, त्याचे ८१ टक्क्यांच्या आत-बाहेर.

ह्या टक्क्यांना एवढा भाव का, तर चोरी जमली की फक्त एक बेस पुढे, पण फसली की धावणारा पण गेला आणि इनिंगमधल्या तीनपैकी एक आऊट पण गेला, डबल फटका. जुन्या हजारो मॅचचा हिशोब काढून आकडेमोडवाल्यांनी ठरवलंय की एक चोरी म्हणजे साधारण ०.२ रनचा फायदा आणि पकडलं गेलं तर ०.४ च्या आसपास तोटा (काळानुसार थोडं खालीवर होतं). थोडक्यात दोन चोऱ्यांची कमाई एका फसलेल्या चोरीत साफ.

आता मजा बघा. हेंडरसन १९८२ ला १३० चोरून ४२ वेळा सापडला, म्हणजे २६ वजा १६.८, हातात राहिले ९.२ रन. रेन्सने १९८३ ला चोरले ९०च, पण सापडला फक्त १४ वेळा, १८ वजा ५.६, १२.४ रन! ४० चोऱ्या कमी करून जास्त कमाई. अख्ख्या करिअरचं गणित केलं तर मात्र हेंडरसनच पुढे, १४७ विरुद्ध १०३, तिथे गप्प बसावं लागतं 😅

आणि हे ८५ टक्के येतात कुठून, तर नुसतं पळून नाही येत. पिचरने (बॉल टाकणारा) हालचाल सुरू केल्यापासून बॉल कॅचरकडे (आपला विकेटकीपर समजा) जायला साधारण १.३ सेकंद, कॅचरने तो सेकंड बेसला पोचवायला अजून २, एवढ्यात काम उरकायचं. बेस-टू-बेस अंतर २७.४ मीटर, त्यातले तीन-साडेतीन मीटर आधीच सरकून खायचे, आपल्याकडे नॉन-स्ट्रायकर क्रीज सोडतो ना तसं, फक्त इथे ते रीतसर चालतं. मग उरलेलं सगळं पिचरचा खांदा कधी हलतो, टाच कधी उचलते हे ओळखण्यावर. दहावा हिस्सा सेकंद लेट झाला तरी टॅग, म्हणजे बॉल हातात घेऊन शिवलं की आऊट.

खरा राग लू ब्रॉकच्या आकड्यांवरून येतो. त्याच्या ९३८ चोऱ्या, पण ३०७ वेळा पकडला गेला, ह्याच हिशोबाने कमाई ६५ रन. तो १९८५ ला पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत (बॅटिंगमध्ये ३,०२३ हिट्स होते, ते मान्य), आणि १०३ वाला रेन्स थेट २०१७ ला, दहाव्या आणि शेवटच्या चान्सला.