उभं राहून काम केलं की व्यायाम होतो का?

‘खुर्ची सोडा, उभं राहून काम करा, वेगळा व्यायाम नको’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. ऐकायला पटतोही, कारण दिवसभर बसून राहणं वाईट हे खरंच आहे.

पण हिशेब पाहा. बसण्यापेक्षा उभं राहण्यात तासाला जेमतेम 8-9 कॅलरी जास्त खर्च होतात. सहा तास उभे राहिलात तरी जेमतेम अर्धी चपाती!

मुख्य मुद्दा पोटऱ्यांचा. पायांतलं रक्त वर ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू आकुंचन पावून करतात. पाय हललेच नाहीत तर रक्त खाली साचतं, घोटे सुजतात, कंबर भरून येते. संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ किती खोल उमटलाय ते बघा. निश्चल उभं राहिलेल्या आणि अधूनमधून चाललेल्या दिवसांत फरक दिसेल.

नाडीवर मात्र विसंबू नका. उभं राहताच ती मिनिटाला 10-15 ठोक्यांनी वाढू शकते, पण ते रक्तदाब सांभाळण्यासाठी, मेहनतीमुळे नव्हे. त्यापेक्षा श्वास पाहा: बोलता येतं पण गाता येत नाही, इतकी धाप लागली तर मध्यम व्यायाम. नुसतं उभं राहून असं होत नाही.

मग करायचं काय? दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं चाला. जागा सोडता येत नसेल तर टाचा 15-20 वेळा उचला. बाटली लहान ठेवा, म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागतं. आणि आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं, ते वेगळंच.