वडापाव

वडापाव हा बटाटावडा, लादीपाव आणि लसणाची सुकी चटणी यांचा मिळून झालेला, उभ्याउभ्या खाण्याचा मुंबईचा पदार्थ. त्याला ताटली लागत नाही, चमचा लागत नाही, बसायला जागा लागत नाही. एका हातात वडापाव धरला की दुसरा हात पिशवीला किंवा लोकलच्या कडीला मोकळा राहतो. गाडीवर तो आज साधारण १५ ते २५ रुपयांना मिळतो. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, सहाच्या सुमाराची भूक, सगळ्या वेळा त्यावर निभावतात, आणि मुंबईत कित्येकांच्या खरोखरच निभावतात.

आज अस्सल मराठी वाटणाऱ्या या खाण्यातला बराच ऐवज पोर्तुगीजांबरोबर आला. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्द त्यांचे. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. बटाटा आणि मिरची आपल्या स्वयंपाकघरात रुळली, पण पावाला उंबरठा ओलांडायला फार काळ लागला. पाव खाल्ला की माणूस बाटतो अशी समजूत होती. विहिरीत पावाचे तुकडे टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या गोष्टी वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जातात. बटाटेवडा मात्र घरचा, पाहुणे आले की कढईत पडणारा. या दोघांची सोयरीक घरात जुळली नाही, ती रस्त्यावर जुळली.

वडा पावात घालून विकण्याचे श्रेय बहुधा अशोक वैद्य यांना दिले जाते. १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर त्यांची गाडी होती. त्याच काळात दादरलाच सुधाकर म्हात्रे यांनीही वडापाव सुरू केल्याचे सांगतात. पहिला कोण, यापेक्षा दादरच का, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथे एकत्र येतात, आणि परळ, लालबाग, प्रभादेवीच्या कापड गिरण्या तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांचे जेवण खाणावळी चालवणाऱ्या बायकांवर अवलंबून असे (१९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी उभे केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ याच बायकांचे). पण गिरणीतली पाळी सुटल्यावर किंवा पाळीला जाताना पाच मिनिटांत पोटाला आधार हवा असे, तो वड्याच्या गाडीने दिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतल्या अनेकांना गिरणीत परत जाता आले नाही. एक स्टोव्ह, एक कढई, बटाट्याचे पोते आणि घरातल्या बाईचा हात एवढ्या भांडवलावर अनेक घरांनी वड्याची गाडी लावली. शिवसेनेनेही मराठी तरुणांना या धंद्यात उतरायला प्रोत्साहन दिले. २००९मध्ये ‘शिववडा’ या नावाने गाड्या आणल्या.

घाणा, म्हणजे एका वेळी कढईत तळून निघणारे वडे. बटाटे आदल्या घाण्याच्या वेळीच उकडून ठेवलेले असतात. ते हाताने कुस्करतात, पार लगदा करत नाहीत. दाताखाली फोड आली पाहिजे. आले, लसूण, हिरवी मिरची यांचे जाडसर वाटण, मोहरी, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी, वर कोथिंबीर. गोळे वळून बेसनाच्या पिठात बुडवतात. पिठात मीठ, हळद, चिमूटभर सोडा आणि थोडे कडकडीत तेल असते. गोळा तेलात सोडताना बोटांवरून पिठाचे थेंब ओघळतात आणि तळून कुरकुरीत होतात. हा चुरा. पूर्वी तो फुकट मिळे, आता काही ठिकाणी लोक खास चुरापाव मागून घेतात. प्रभादेवीच्या कीर्ती कॉलेजजवळचा वडा तर चुऱ्यासाठीच ओळखला जातो.

तयार वडा भरायला दहा सेकंदही लागत नाहीत. पाव अर्धा चिरायचा, एक कड जोडलेली ठेवायची, आत सुकी चटणी दाबायची, वडा ठेवून तळहाताने हलकेच चेपायचा. सुक्या चटणीत भाजलेले खोबरे, लसूण आणि लाल तिखट असते. ओली चटणी पाव भिजवते. सुकी चटणी तो कोरडा ठेवते आणि शर्टावरही सांडत नाही. सोबत चीर देऊन तळलेली, मीठ लावलेली मिरची. चांगला पाव रोजचा ताजा, मऊ आणि गोड नसलेला असतो. गोडसर बनपाव वापरला की वड्याचा तिखटपणा मरतो.

मुंबईबाहेर पडल्यावर रूप बदलते. कल्याणचा खिडकी वडा घराच्या खिडकीतून विकला जाई म्हणून त्या नावाचा झाला. नाशिकला पावाच्या पोटात सारण भरून अख्खा पावच पिठात बुडवून तळतात, तो उलटा वडापाव. कोल्हापूरकडे वड्यासोबत स्लाइस ब्रेड देतात. नागपुरात वड्याचा आलूबोंडा होतो आणि त्यावर चण्याची तर्री पडते, म्हणजे मग बशी आणि चमचा आलाच. गोव्यात सकाळी पावाबरोबर पातळ भाजी असते. ती वेगळी परंपरा, वडापावाची शाखा नव्हे.

२००१मध्ये मालाडला ‘जम्बो किंग’ आणि २००४मध्ये कल्याणला ‘गोली’ या वडापावाच्या दुकानसाखळ्या सुरू झाल्या आणि वडापाव कारखान्यात, ठरलेल्या वजनाचा बनू लागला. सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये गोठवलेले वडे आणि शेजारच्या फळीवर सुक्या चटणीची पाकिटे आली. लंडनच्या हौन्सलोत मुंबईच्या दोन मित्रांनी २०१०मध्ये वडापावाचे दुकान काढले. गोठवलेला वडा परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलाची आठवण भागवतो हे खरे. पण कढईतून नुकत्याच निघालेल्या वड्याची वाफ त्यात नसते.

स्वस्ताई टिकते ती पावावर. मुंबईच्या अनेक बेकऱ्या लाकडाच्या भट्टीवर चालत. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशाच्या भट्ट्या गॅसकडे किंवा इतर हरित इंधनाकडे वळवण्याचा आदेश दिला. हवेसाठी ते आवश्यकच, पण छोट्या बेकरीला भट्टी बदलण्याचा खर्च जड जातो, आणि लादी महागली की गाडीवाल्याच्या हाती एक-दोन रुपये वाढवण्यापलीकडे काही नसते.

मैदा, बटाटा, बेसन आणि तेल असा हा आहार रोज तिन्ही त्रिकाळ खाण्याजोगा नाही. खरी काळजी तेलाची. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल तापून बिघडत गेल्यावर त्यात साठणारी द्रव्ये) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८पासून लागू आहे. वर्तमानपत्रात गरम वडा गुंडाळण्यासही मनाई आहे, कारण शाईतली रसायने तेलात उतरतात. गाडीवर मोजमाप करता येत नाही. तेल काळपट, चिकट दिसले किंवा वडा घालण्याआधीच धुरकट वास आला, तर पुढच्या गाडीवर जावे.