कोपर्निकसने माणसाला सिंहासनावरून खाली खेचलं?

१५४३मध्ये कोपर्निकसने पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून हलवलं आणि माणसाचा मोठेपणा गेला, असं सर्रास सांगतात. पण मध्य हा मानाचा पाट नव्हताच. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटलच्या मांडणीत जड माती मध्याकडे पडते. नासणं-झिजणं चंद्राच्या खालीच, वर सगळं अविनाशी. म्हणजे आपण तळाला! म्हणूनच १६१०मध्ये गॅलिलिओ ठासून लिहितो, की पृथ्वीही चंद्रासारखाच प्रकाश परावर्तित करते, ती विश्वातला गाळ साचायची जागा नव्हे. ही कसली पदावनती, बढतीच ती.

क्षुद्रपणाचं म्हणाल, तर तेही जुनंच. दुसऱ्या शतकात खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने पृथ्वीला आकाशापुढे बिंदू ठरवलं होतं. कुठूनही पाहा, क्षितिज तारांगणाचे बरोब्बर दोन भाग करतं. पृथ्वी त्यामानाने मोठी असती, तर अर्ध्याहून कमी आकाश दिसलं असतं.